कपाशीची शेंदरी बोंडअळी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, राजकारण अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने माझा आजचा विषय फारच लहान आहे, अक्षरशः लहान. करंगळीच्या नखावर बसू शकेल अशा एका पतंगाविषयी मी बोलणार आहे. आपणांपैकी ज्यांचा शेतीशी संबंध नाही, त्यांना वाटेल की या किड्याचे आपल्याला काय? पण समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर थोडेबहुत सुती कापड आहे, आणि या पतंगाचे सारे आयुष्य त्याच धाग्याच्या मुळाशी, कपाशीच्या बोंडात जाते.

प्रथम एक प्रसंग सांगतो. २०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका शेताच्या बांधावर मी उभा होतो. कपाशी खांद्याला लागेल एवढी वाढलेली, पाने हिरवीगार, झाडाझाडाला भरगच्च बोंडे. मी सहज बोलून गेलो, की पीक तर उत्तम दिसते आहे. शेजारच्या तासात वेचणी करणारी एक म्हातारी बाई हसली. म्हणाली, "वरतून पाहून काय समजते साहेब? फोडून पाहा नं." तिने एक टणक हिरवे बोंड तोडले, दगडावर आपटले आणि माझ्या तळहातावर ठेवले. आत चार कप्पे. एक पांढराशुभ्र, ओलसर. उरलेले तीन तपकिरी, कुजके, आणि त्यांत एक गुबगुबीत गुलाबी अळी, उजेड लागताच वळवळणारी. बोंडाच्या बाहेरच्या सालीवर मात्र टाचणीच्या टोकाएवढेही भोक नव्हते. तिने दुसरे फोडले, तिसरे फोडले. पाचवे फोडल्यावर मीच तिला थांबवले. शेताचा मालक बांधावर बसून होता. तो काही बोलला नाही.

बाहेरून निरोगी दिसणारे बोंड आतून पोखरलेले कसे निघते, हे समजले म्हणजे या किडीचे अर्धे शास्त्र समजले. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

मराठीत हिला जुन्या कृषिपुस्तकांतून 'शेंदरी बोंडअळी' म्हणत आले आहेत. अलीकडे वर्तमानपत्रांनी 'गुलाबी बोंडअळी' हे नाव रूढ केले. कपाशीवर बोंड खाणाऱ्या आणखी दोन अळ्या आहेत, ठिपक्यांची आणि हिरवी. या तीन बहिणींत शेंदरी ही सर्वांत लाजाळू, आणि म्हणूनच सर्वांत घातकी. हिचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा. पुढच्या पंखांवर काळपट पट्टे. मागचे पंख रुपेरी, कडेला झालर लावल्यासारखे केस. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा ते वीस मिलिमीटर. दिवसा तो जमिनीच्या भेगांत, पालापाचोळ्यात दडून बसतो आणि रात्री उडतो. जन्मभर कपाशी पिकविलेल्या शेतकऱ्याने अळी हजारदा पाहिलेली असते, पण पतंग ओळखता येत नाही, असे पुष्कळदा आढळते. चोराचा माल ओळखीचा आणि चोर अनोळखी, असा हा प्रकार.

मादी शंभर-दोनशे अंडी घालते. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे, मोत्यासारखे पांढरे. उबण्याच्या सुमारास त्यावर लालसर झाक येते. हंगामाच्या आरंभी ही अंडी कोवळ्या शेंड्यांवर आणि पात्यांवर असतात. पण बोंडे धरू लागली की मादी नेमकी जागा निवडते: बोंडाच्या बुडाशी, हिरव्या पाकळ्यांसारख्या आवरणाच्या आत. चार-पाच दिवसांत अंड्यातून केसाएवढी पांढरी अळी बाहेर येते आणि तास-दोन तासांत बोंडात शिरते. एकूण आयुष्यात ती उघड्यावर असते ती एवढीच. हे तास-दोन तास सोडले तर तिच्यावर ना पक्ष्याची चोच पडत, ना औषधाचा फवारा. ती शिरली ते छिद्र इतके बारीक असते की कोवळे बोंड वाढता वाढता ते आपोआप बुजून जाते. घरात शिरून आतून कडी लावावी, आणि भिंतीनेच दाराची जागा लिंपून टाकावी, तसे होते.

आत गेल्यावर ती सरकी खाते. रुईशी तिचे भांडण नाही. रुई आडवी येते म्हणून ती कुरतडते, तिच्या विष्ठेने रुईला डाग पडतात, मागून बुरशी शिरते. एका सरकीतून दुसरीत, एका कप्प्यातून दुसऱ्यात ती पडदा पोखरून जाते. दहा ते चौदा दिवसांत तीन वेळा कात टाकून तिची वाढ पुरी होते. पहिल्या दोन अवस्थांत ती पांढरीच असते, गुलाबी पट्टे नंतर येतात. मग ती बोंडाला गोल छिद्र पाडून बाहेर पडते, मातीत कोष करते, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा पतंग. महिन्याभराचे हे चक्र एका हंगामात चार ते सहा वेळा फिरते. पहिल्या फेऱ्यात ज्या थोड्या अळ्या असतात त्यांची चौथ्या-पाचव्या फेऱ्यात काय संख्या होत असेल, याचा हिशेब श्रोत्यांनी घरी करून पाहावा. म्हणूनच सप्टेंबरात जिचे नावही निघत नाही, ती नोव्हेंबरात शेत खाऊन बसते.

असे बोंड पुरते उमलत नाही. अर्धवट तडकते, आणि आतला कापूस पिवळट, चिकटलेला, वेचणाऱ्या बाईच्या बोटांना न सुटणारा निघतो. त्याला आपल्याकडे 'कवडी' म्हणतात. कवडी वेचायला वेळ दुप्पट लागतो आणि वजन निम्मे भरते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तेव्हा या अळीचा पहिला दंड शेतमजूर बाईला बसतो, शेतकऱ्याला नंतर, गिरणीला त्याहून नंतर. सरकीतले तेल घटते, तिची उगवणशक्ती जाते, ते निराळेच.

या अळीची एक खूण मात्र बाहेरून दिसते, आणि ती खूण आपल्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीच टिपून तिला नाव देऊन ठेवले आहे. अळी फुलाच्या कळीत शिरली तर आपल्या तोंडातील रेशमाने पाकळ्या आतून बांधून टाकते. फूल उमलू पाहते पण उमलत नाही. गुलाबाच्या अर्धवट कळीसारखे मिटून राहते. ही 'डोमकळी'. कीटकशास्त्राच्या पुस्तकांतील लांबलचक वर्णनापेक्षा हा एक शब्द मला अधिक मोलाचा वाटतो. शेतात डोमकळी दिसली की समजावे, पाहुणी आली.

आता या किडीच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण भागाकडे वळतो. पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या आणि बोंडातली सरकी जून होऊन तिच्यात तेल भरले, की शेवटच्या पिढीतील अनेक अळ्या कोष करायचे टाळतात. खाऊनपिऊन पुष्ट झालेली अळी स्वतःभोवती घट्ट रेशमी वेष्टण विणते आणि झोपी जाते. कधी ती दोन पोकळ सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात झोपते. बाहेरून पाहणाऱ्याला ती जुळी सरकी वाटते. कधी झाडावर राहिलेल्या वाळक्या बोंडात, कधी शेतातल्या मातीत, कधी घराशेजारी रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत. ही झोप साधी नव्हे. तिचा श्वासोच्छ्वास, तिची चयापचयाची क्रिया सारे मंदावते. अन्नपाण्यावाचून महिनोन्महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक काळ ती तशी पडून राहते. आपल्याकडे चातुर्मासात देव झोपतात आणि कार्तिकात जागे होतात. या बाईंचे पंचांग उलटे आहे. त्या कार्तिकाच्या पुढे झोपतात आणि मृगाच्या आगेमागे, दिवस मोठे होऊन हवेत ओल आली की जाग्या होतात.

का, हे उघड आहे. ही अळी जवळजवळ केवळ कपाशीवर जगते. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या नातेवाइकांवर ती क्वचित आढळते, पण तिचा खरा संसार कपाशीचाच. कपाशी शेतात नाही तेवढे महिने कसे काढावयाचे, हा तिच्यापुढचा प्रश्न, आणि झोप हे त्याचे उत्तर. या उत्तरात एक फट आहे. जाग आलेल्या पतंगाचे आयुष्य थोड्या दिवसांचे. तो मे-जूनमध्ये बाहेर पडला आणि शेतात पाते-फूल नसले, तर त्याची संतती वाऱ्यावर जाते. कपाशीला पाते लागावयास पेरणीपासून पस्तीस-चाळीस दिवस लागतात. म्हणजे पेरणी पावसावर, जूनच्या मध्यानंतर, सर्वांनी एकाच सुमारास केली तर पहिल्या जागृत पतंगांपैकी बहुसंख्य उपाशी मरतात. पण गावात दोघा-चौघांनी विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यातच सरकी टोबली, तर त्यांची लवकर फुललेली कपाशी साऱ्या गावाच्या पतंगांना धर्मशाळा होते. महाराष्ट्रात अलीकडच्या काही हंगामांत जूनपूर्वी कपाशीचे बियाणे विकू नये असा दंडक घालण्यात आला, त्याच्या मुळाशी हा हिशेब आहे. दुकानदार आणि शेतकरी दोघेही त्यावर कुरकुरतात. त्यांना कारण कोणी नीट सांगितलेले नसते.

ही झोपच या किडीला जगभर घेऊन गेली. तिचे मूळ घर कोणते याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. कोणी भारत म्हणतात, कोणी ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा प्रदेश. पण शास्त्राच्या दप्तरात तिचे नाव प्रथम चढले ते आपल्या शेजारच्या भडोचमुळे. १८४० नंतरच्या दोन-चार वर्षांत भडोच येथील सरकारी कापूस-मळ्यातून काही नमुने विलायतेस गेले, आणि सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने त्यांवरून तिचे वर्णन केले. कंपनी सरकारला त्या वेळी अमेरिकन जातीचा लांब धाग्याचा कापूस हिंदुस्थानात रुजवावयाचा होता. तो का रुजत नाही याच्या चौकशीत ही अळी सापडली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती सरकीच्या पोत्यांत झोपून इजिप्तला पोहोचली. नाईलच्या खोऱ्यातील जगप्रसिद्ध कापूस तिने काही वर्षांतच पोखरला. इजिप्तची सरकी बियाण्यासाठी १९११ च्या सुमारास मेक्सिकोत गेली, ब्राझीलमध्ये गेली, पाठोपाठ ही. मेक्सिकोची सरकी रेल्वेच्या वाघिणीतून टेक्सासमधील तेलाच्या घाण्यांकडे आली, आणि १९१७ मध्ये हर्न या गावाजवळच्या शेतात तिथल्या अधिकाऱ्यांना पहिली शेंदरी अळी सापडली. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षांत भडोच ते टेक्सास, आणि तेही एक पंख न हलवता. इजिप्तमध्ये पुढे जिनिंगमध्येच सरकी यंत्राने तापवून आतली अळी मारण्याची सक्ती करावी लागली. सरकी मरणार नाही पण अळी मरेल, एवढीच उष्णता द्यावयाची. नाजूक काम होते ते.

येथून पुढची कथा आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे, म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

१९९० नंतरच्या दशकात आपल्या कपाशीचा मुख्य शत्रू शेंदरी नव्हे, हिरवी अळी होती. देशात खपणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी एकट्या कपाशीवर पडत होती आणि तरीही अळी मरत नव्हती. अशा वेळी बीटी कापूस आला. बीटी म्हणजे एका मातीतील जिवाणूच्या नावाची आद्याक्षरे. १९०१ मध्ये जपानात रेशमाचे किडे पटापट मरू लागले, तेव्हा इशिवाता यांना तो जिवाणू प्रथम सापडला. १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातील पिठाच्या पतंगात तो बर्लिनर यांना आढळला आणि प्रांताचे नाव त्याला चिकटले. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. माणसाच्या, गुराच्या पोटात ते पचून जाते. पतंगवर्गातील अळीच्या आतड्यात मात्र ते भोके पाडते. हे प्रथिन तयार करण्याची सूचना, म्हणजे जनुक, शास्त्रज्ञांनी कपाशीच्या अंगात घातली. झाडच औषध झाले. बोंडात लपून बसलेल्या अळीपर्यंत जो फवारा पोहोचत नव्हता तो आता तिच्या घासातच आला. अमेरिकेत हे वाण १९९६ मध्ये शेतात गेले, आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. काही वर्षांत देशातील बहुतेक सारी कपाशी बीटी झाली. त्या वर्षांत शेतकरी खूश होता आणि ते खोटे नव्हते. बोंडे खरोखरच स्वच्छ निघत होती. माझ्यासारखे माणसे वर्गात शेंदरी अळीचा धडा 'इतिहास' म्हणून शिकवू लागली होती. हे मी कबूल केले पाहिजे.

पण २०१० मध्ये गुजरातच्या सौराष्ट्रातील चार जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या जनुकाला पचवू लागल्याचे जाहीर झाले. २०१५ पर्यंत ती दोन जनुकांच्या कपाशीवरही जगताना दिसू लागली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात काय झाले ते मी आरंभी सांगितलेच.

हे का झाले? 'निसर्गाने सूड घेतला' अशी वाक्ये सभेत टाळ्या मिळवतात, पण त्यांनी काही समजत नाही. खरी गोष्ट अशी आहे. लाखो अळ्यांत एखादीच उपजत अशी असते की जिला ते प्रथिन बाधत नाही. बाकीच्या मेल्यावर ती उरते. तिच्यासारखाच उरलेला नर तिला भेटला तर त्यांची सारी संतती तशीच निपजते. पण तिला साधा, बीटी पचवू न शकणारा नर भेटला, तर संततीत तो गुण अर्धा-मुर्धा उतरतो आणि ती पिल्ले बीटी झाडावर मरतात. तेव्हा उपाय काय? साध्या पतंगांची संख्या मुद्दाम भरपूर ठेवावयाची. बीटी शेताच्या कडेने काही जमिनीवर बिगर-बीटी कपाशी लावावयाची आणि तिथे अळ्यांना सुखाने खाऊ द्यावयाचे. शास्त्रज्ञ तिला 'आश्रय-पीक' म्हणतात. आपल्याकडे नियम होता की वीस टक्के क्षेत्र किंवा सभोवार पाच ओळी, यांत जे अधिक असेल तेवढे आश्रय-पीक लावावे. आणि बियाण्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी सरकीची पुडी मिळत असे.

त्या पुड्यांचे काय झाले हे गावोगाव सर्वांना ठाऊक आहे. बांधावर फेकल्या गेल्या. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. ज्याची जमीन तीन एकर, डोक्यावर सोसायटीचे कर्ज, त्याला आपण सांगत होतो की पाचवा हिस्सा किड्यांच्या पोटापाण्यासाठी सोड. आणि ते का, हे पुडीवरच्या बारीक अक्षरांपलीकडे कोणी समजावीत नव्हते. शिवाय त्या पुडीतील सरकी अनेकदा नीट उगवतही नसे. योजना कागदावर निर्दोष होती. ती ज्या माणसाच्या हातून पार पडावयाची त्या माणसाचा हिशेब मात्र तिच्यात धरलेला नव्हता, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट. हिरवी अळी बीटीला त्या मानाने अजून वचकून आहे, मग शेंदरीच का सुटली? कारण हिरवी तूर, हरभरा, टोमॅटो असे कितीतरी खाते. आपल्या शिवारात तुरीची ओळ ही तिच्यासाठी आपोआप आश्रय-पीक झाली. तिथले साधे पतंग बीटीतील वाचलेल्यांशी संकर करीत राहिले. शेंदरी कपाशीवाचून राहत नाही, आणि सारी कपाशी बीटी. तिला साधा नवरा मिळण्याची सोयच उरली नाही. त्यातून आपली कपाशी संकरित. जगातील पहिले व्यापारी संकरित कापूस-वाण १९७० मध्ये सुरतेस निघाले, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण जवळपास सगळीकडे संकरित कपाशीच लावणारा देश जगात आपल्याखेरीज दुसरा सापडणे कठीण. संकरित झाडाच्या अंगात हे जनुक एकाच पालकाकडून आलेले असते. बोंडातील सरकी ही पुढची पिढी. तेव्हा एका जनुकाचे झाड असेल तर एकाच बोंडात चारांपैकी तीन सरक्यांत विष आणि एकीत नाही, अशी खिचडी होते. अळी या सरकीतून त्या सरकीत जाते, कधी विष खाते कधी नाही, आणि अर्धवट प्रतिकार असलेलीसुद्धा तगून जाते. काही शास्त्रज्ञांनी हा आक्षेप जाहीरपणे घेतला आहे आणि मला तो पटतो. शिवाय हे वाण लांब मुदतीचे. सहा-सात महिने बोंडे येतच राहतात, आणि हंगामाच्या अखेरीस झाडातील विषाचे प्रमाण नेमके उतरलेले असते.

२०१७ च्या त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती फवारणी एकट्या शेंदरी अळीसाठी नव्हती. रस शोषणाऱ्या किडीही होत्या, निरनिराळी औषधे एकत्र कालवली जात होती, आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारा माणसाच्या तोंडावरच येत होता. परंतु श्रोतेहो, बोंडात शिरून दार लिंपून बसलेल्या अळीला तो फवारा पोहोचत नाही, हे पुन्हा एकदा ध्यानात घ्या. तो पोहोचतो तो फवारणाऱ्याला.

अमेरिकेत काय झाले तेही सांगतो, कारण तिथे २०१८ च्या ऑक्टोबरात शेंदरी बोंडअळीचे देशातून उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. १९१७ पासून मोजले तर शंभर वर्षांची लढाई. अ‍ॅरिझोनातील शेतकऱ्यांनी आरंभी आश्रय-पीक नेमाने लावले. पुढे २००६ पासून एक चमत्कारिक उपाय योजला: कारखान्यात अळ्या वाढवून, त्यांचे पतंग किरणोत्सर्गाने वांझ करून, विमानातून शेतांवर अब्जावधींच्या संख्येने सोडले. रानटी पतंगाला वांझ जोडीदार भेटला की अंडी उबत नाहीत. या कारखान्यातील अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळीत, म्हणजे सापळ्यात सापडलेला पतंग चिरडला की आतून लाल निघाला तर आपला, नाहीतर रानटी! इतके सोपे आणि इतके चतुर. जोडीला बीटी कपाशी, पतंगाच्या मादीच्या गंधाने नराला भुलविणारी साधने, आणि ठराविक तारखेला सारी झाडे उपटून जमीन नांगरण्याचा कायदा. पण अ‍ॅरिझोना राज्यातील सारी कपाशी एकत्र केली तरी ती एकट्या यवतमाळ जिल्ह्याएवढी भरत नाही, आणि ती मोजक्या मोठ्या शेतकऱ्यांच्या हातात. आपल्याकडे ती लाखो उंबरठ्यांवर वाटलेली आहे. विमान तिथून आणता येईल. एवढ्या उंबरठ्यांची संमती कोठून आणावयाची?

तेव्हा आपल्याकडचा उपाय आपल्या उंबरठ्यांमधूनच जातो, आणि त्यातील सर्वांत अवघड शब्द आहे 'फरदड'. डिसेंबरात मुख्य वेचणी झाली, विहिरीला पाणी आहे, म्हणून कपाशीला आणखी एक-दोन पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहिलेली बोंडे वेचावयाची, ही फरदड. हाती दोन पैसे येतात, तेही टंचाईच्या दिवसांत. पण झोपू पाहणाऱ्या अळीला तोवर जेवण मिळत राहते आणि पुढच्या जूनची बेगमी होते. डिसेंबरअखेर कपाशी काढली, शेतात शेळ्यामेंढ्या सोडून उरलेली हिरवी बोंडे चारली, खोल नांगरट केली, तर पुढच्या वर्षीची कीड मोठ्या प्रमाणात घटते, हे सिद्ध झालेले आहे. अडचण अशी, की फरदडीचा पैसा ज्याचा त्याला मिळतो आणि तिचे नुकसान साऱ्या गावाला वाटले जाते. एकट्याने फरदड सोडली तर तो तोट्यात. सर्वांनी सोडली तर सर्व फायद्यात.

पऱ्हाटीचेही तसेच. घराच्या भिंतीला टेकवून रचलेली पऱ्हाटी म्हणजे घरच्या बाईचे वर्षभराचे जळण. तिच्या वाळक्या बोंडांत अळ्या निजलेल्या असतात. "जाळून टाका" असे सांगणाऱ्याने चुलीसाठी दुसरे काय, तेही सांगावे. गॅस आला तरी सिलिंडर परवडतोच असे नाही. निदान गंजी रचण्यापूर्वी वाळकी बोंडे झोडून ती तेवढी जाळली, तर जळणही राहते आणि कीडही जाते. काही गावांत बायकांनी हे आपणहून केलेले मी पाहिले आहे. जिनिंगच्या आवारात साठलेल्या सरकीतून उन्हाळाभर पतंग निघत असतात. तिथे गंधाचे सापळे टांगण्याची शिफारस आहे, आणि काही ठिकाणी ती पाळलीही जाते.

या गंधाविषयी दोन शब्द. शेंदरी पतंगाच्या मादीचा कामगंध १९७३ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी ओळखला. दोन जुळ्या संयुगांचे ते सम प्रमाणातील मिश्रण आहे. रबराच्या बारीक गोळीत ते भरून सापळ्यात ठेवले की नर मादी समजून येतात आणि अडकतात. हा सापळा म्हणजे शेतातला घड्याळाचा गजर. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडू लागले, की बोंडे फोडून पाहण्याची वेळ झाली. अलीकडे याच गंधाने भारलेल्या दोऱ्या झाडांना बांधून सारे शेतच गंधाने भरून टाकतात. मग नराला मादी कोठे आहे तेच उमगत नाही. मोठ्या सलग क्षेत्रावर हे चांगले चालते. एकट्या दोन एकरांत नव्हे. शेजारच्या शेतात जोडी जमवून मादी अंडी घालायला इकडे येते.

शेवटी, आपणांपैकी जे कपाशी पिकवितात त्यांच्यासाठी. वऱ्हाडात पहिल्या वेचणीला 'सीतादही' करतात. त्या दिवशी सारे घर शेतावर असते. त्याच्या महिनाभर आधीपासून आठवड्यातून एकदा शेतात तिरपे चालत जावे, एकरभरातून निरनिराळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडावीत, घोटीव सुपारीएवढी नव्हे, त्याहून मोठी. बांधावर बसून एकेक फोडावे. विसांत दोन किडकी निघाली की उपाय लगेच सुरू करावा, तिसऱ्याची वाट पाहू नये. आणि फोडलेली बोंडे तिथेच टाकून न येता घरी आणून चुलीत घालावीत.